म्यूट केलेला गजू

मी गजूले म्यूट करून ठेवलं होतं. तो वारला तेव्हाही तो म्यूटच होता.

आज त्याची तेरवी झाली. नेरवरून आत्ताच यवतमाळले घरी आलो, बूटही काढले नाही अजून. आज लिहिलं नाही तं मी कधीच लिहिणार नाही, माहा स्वभाव मले माहीत आहे.

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. गजू म्हणजे नेरचा मेडिकलवाला. पाचवीपासून माहा दोस्त. रोज सकाळी काउंटरवर मोबाइल टेकवून व्हॉट्सॲप स्टेटसचा व्हिडिओ टाके. त्याले नाव दिलं होतं, "आजचं मत".

मत कशावरही.

अंतराळातल्या सीरियलचा त्याले भारी नाद. "पाच सीझन झाले, हे लोकं यानात फिरून राह्यले. एकाचीही चड्डी-बनियान वाळत घातलेली दिसत नाही. अशा यानावर मी काहून विश्वास ठेवू?"

मोबाइलवर ट्रकचा गेम खेळे. गेममधे लाल सिग्नलवर इमानदारीनं थांबे, आणि नेरच्या चौकात राँग साइडनं घुसे.
मी म्हटलं, "अबे, हे काय?"
तं म्हणे, "गेममधे चालान लगेच कटते ना भाऊ!"

रिलेशनशिपवर तं विचारूच नका. "नवरा-बायकोनं एकमेकाचा पासवर्ड मागू नाही. चार्जर मागावा. कोण कसं आहे ते तिथंच कळते." मागून वैशालीवैनी ओरडल्या, "आधी माहा चार्जर वापस द्या!" तेही रेकॉर्ड झालं. गड्यानं तसंच टाकून दिलं.

दर रविवारी दुपारी मी यवतमाळवरून त्याच्याकडे जाओ. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच सीरियलचा एक एपिसोड, दोन चहा. एकापेक्षा जास्त पाहू द्याचा नाही. "संपून जाईन ना बे," म्हणे.

मंग इलेक्शन आलं.

मी एका उमेदवाराच्या मागं लागलो. नाव नाही सांगत, आता काय त्याचं. ड्युटी सुटली की स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून नेर तालुक्यातले गावं फिरो.

एक दिवस गजूचं मत आलं. "जो माणूस नेत्यासाठी स्वतःचं पेट्रोल जाळते, त्यानं निकालानंतर एक डाव त्या नेत्याले विचारून पाहावं, साहेब, माह्यं नाव काय?"

त्यानं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण असा बह्याड तेव्हा मी एकटाच होतो, आणि ते सगळ्यायले माहीत होतं. चहाच्या टपरीवर पोट्टे मले विचारत, "भाऊ, तुमचं नाव काय?" आणि दात काढत.

डोकंच सणकलं.

तेव्हा फोन लावून शिव्या दिल्या असत्या तं त्यानंही दिल्या असत्या. रविवारी एपिसोड पाह्यला असता, मिटलं असतं. पण मी भांडलो नाही. गुपचूप त्याचं स्टेटस म्यूट केलं.

समोरच्याले कळत नाही ना. भेटलो की हसाचं, त्याच्या पोरीचा अभ्यास विचाराचा. रविवारचं म्हटलं की "काम आहे यार".

भेकडपणा होता तो. दुसरं काही नाही.

आणि मत त्याचंच बरोबर निघालं. निकालानंतर एका लग्नात साहेब माह्या समोरून गेले, नमस्कार घेतला आणि बाजूच्याले विचारलं, "हे कोण?"

तरी मी त्याले अनम्यूट केलं नाही. आता तं जास्तच लाज वाटे.

मागच्या महिन्यात गजूले कावीळ झाली. यवतमाळात ॲडमिट झाला. बारा दिवस. दवाखाना माह्या घरापासून गाडीवर पाच मिनिटं.

बारा दिवस मले पत्ता नाही.

बाकीचे दोस्त भेटून गेले. मले कोणीच सांगतलं नाही, कारण सगळ्यायले वाटलं, गजूनं स्टेटसवर टाकलं आहे, याले तं माहीतच असन. फोन आला तो डायरेक्ट, "गजू गेला. तू कुठं आहेस बे?"

आज जेवणं झाल्यावर वैनीनं मले बाजूले बोलावलं. हातात त्याचा मोबाइल. दवाखान्यातले त्याचे व्हिडिओ त्यात अजून आहेत. डोळे पिवळे, हाताले सलाईन, आवाज तोच.

"आजचं मत. दवाखान्यातल्या उपम्यात मीठ टाकाले सरकारची बंदी नाही. आणि मी यवतमाळातच आहे. ज्याले टाइम असन त्यानं रविवारी यावं. एपिसोड राह्यले आहेत."

"ज्याले टाइम असन" म्हणे. माह्याशिवाय कोणासंग पाहे तो एपिसोड?

मी विचारलं, "वैनी, माह्याबद्दल काही बोलला का?" तेरा दिवसांपासून मले तेवढंच पाहिजे होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

वैनी म्हणाल्या, "रोज कोणी कोणी स्टेटस पाह्यलं ते नावं वाचत. तुमचं नसे. मी म्हणो, फोन लावा ना भाऊजीले. तं म्हणत, नको, त्याच्या जुन्या मोबाइलवर स्टेटस उघडत नाही. फोन केला तं ड्युटी सोडून पळत येईन. रविवारपर्यंत समजन त्याले, येईन तो."

दोन रविवार गेले त्या बारा दिवसात.

जुना मोबाइल! हे मीच त्याले सांगतलं होतं. मागं एकदा त्यानं विचारलं, "काहून बे, माह्ये मतं पाहत नाही का आजकाल?" तेव्हा तोंडात आलं ते ठोकून दिलं. त्यानं ते खरं धरलं. शेवटपर्यंत धरलं.

मंग वैनीनं विचारलं, "झाला का भाऊजी आता मोबाइल नीट?"

मी "हो" म्हटलं.

वैनी, तुम्ही हे वाचसान. मोबाइल कधीच बिघडला नव्हता. मी त्याले म्यूट केलं होतं. आज तुमच्या समोर बोलाची हिंमत झाली नाही. उद्या सकाळी नेरले येतो. जे म्हणाचं ते म्हणा, खाली मान घालून ऐकतो.

गजू, तू माही बाजू घेत राह्यला आणि मी पाच मिनिटावर घरात बसून होतो. माफी मागाले तोंड नाही राह्यलं.

जाय दोस्ता. तुले रडत रडत श्रद्धांजली.