व्याह्यांच्या नव्या डोळ्यांची परीक्षा

आमचे व्याही मुके आहेत, असं मी एकदा चक्क घरभर सांगितलं होतं! अजून आठवलं की हसू आवरत नाही. लेकीचं स्थळ बघायला गेलो, तर या गृहस्थांनी घरात बसवायचं सोडून आम्हाला थेट नावेत घातलं. पक्षी अभयारण्यात ते नाव चालवतात ना! सगळं तळं फिरवलं, पण तोंडातून ब्र नाही. मी विचारलं, "मुलाला राग फार येतो का हो?" तर नुसतं ओठांवर बोट. मी ह्यांच्या कानाशी लागले, "घुमा दिसतोय हो माणूस. सासरा असा, तर मुलगा कसा असेल?" पण नाव काठाला लागली आणि व्याह्यांनी तोंड उघडलं, ते अजून मिटलेलं नाही. पाण्यावर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. घरट्यावरचे पक्षी बिचकतात म्हणून. मग राहिलेलं सगळं बोलणं काठावर वसूल!

मागच्या हंगामात मात्र घोटाळा झाला. गावात जुना किल्ला आहे. तो बघायला आलेली मंडळी वेळ उरला की तटामागच्या पाणथळीकडे वळतात. अशाच एका कुटुंबाला व्याह्यांनी लव्हाळ्यात नेलं आणि खूण केली: हलू नका, बगळा! बिचारे श्वास रोखून बसले. फोटो काढले. शेवटी त्यांच्यातल्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, ही तर खुंटाला अडकलेली पिशवी!"

गोष्ट अभयारण्याच्या अधिकारी बाईंच्या कानावर गेली. डोळ्यांची तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाईंनी सांगितलं, "ऑपरेशन करून घ्या. मग मला बेटापर्यंत नेऊन आणा. जमलं तर नाव तुमचीच. नाहीतर तिकीटखिडकीत बसा."

"चार भिंतींत?" व्याही माझ्याकडे बघून म्हणाले. "विहीणबाई, त्यापेक्षा मला पिंजऱ्यात घाला आणि दाणे टाका."

"दाणे टाकीन हो. पण एवढा बडबड्या पोपट पाळणार कोण?"

व्याही हसले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. जन्म पाण्यावर गेला माणसाचा. ऑपरेशन झालं. लेक म्हणाली, परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी चहासुद्धा तसाच ठेवला होता.

नावेला वजन हवं म्हणून मलाही बसवलं. ही कल्पना कोणाची, ते सांगायला नकोच. पुढे बाई, मध्ये मी, मागे बांबू घेऊन व्याही. निघालो. तोंड बंद ठेवणं म्हणजे माझ्यासाठी उपासापेक्षा कठीण, पण ठेवलं. नाव अशी सरकत होती की पाण्याला कळू नये. बेटाच्या अलीकडे लव्हाळ्यातून एक अरुंद वाट जाते. तिथे व्याही वळले आणि एकदम बांबू रोवून थांबले.

पुढे जाईनात. मागे येईनात. पापण्या न हलवता नुसते समोर बघत उभे. मी मनात म्हटलं, संपलं! यांना काही दिसत नाहीये. बाई वळून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला वाटलं उठून ओरडावं, "अहो, सरळ चला!" पण जीभ दाताखाली धरली.

व्याह्यांनी हळूच बांबू काढला, नाव मागे घेतली आणि लांबच्या वाटेने बेटाला वळसा घातला. येताना परत त्या अरुंद वाटेच्या तोंडाशी थांबले आणि मला बोटाने दाखवलं. वाटेच्या मधोमध कुजक्या पाल्याचा ओला ढीग तरंगत होता. त्यावर इवलीशी टिबुकली पक्षीण अंडी उबवत बसलेली. आम्ही सरळ गेलो असतो, तर घरटं उलटलंच असतं.

काठावर उतरल्यावर बाई म्हणाल्या, "मला ते घरटं आधीच दिसलं होतं. तुम्हाला दिसतंय का, एवढंच बघत होते. नाव तुमची."

व्याही मटकन दगडावर बसले. चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. काठावर थांबलेल्या लेकीने पाणी दिलं, ते गटागट प्यायले. मीही तिथेच बसले. मग व्याही लागले की बोलायला! ऑपरेशनच्या दिवसापासूनचं सगळं, नर्स कशी दरडावत होती इथपर्यंत.

मध्येच थांबून म्हणाले, "विहीणबाई, तुमची ही निळी शाल छान आहे हो."

"निळी? हिरवी आहे ही."

"निळी."

"दुकानात मी हिरवी बघून घेतली! नव्या डोळ्यांचा एवढा तोरा नको."

"आणि जुन्या डोळ्यांचा?"

मी लेकीकडे वळले. "सांग गं तुझ्या सासऱ्यांना."

लेक ओठ दाबून हसत होती. "आई, निळीच आहे. मला वाटलं तुला आवडली म्हणून घेतलीस."

मी शाल उन्हात धरली. उलटी केली. सुलटी केली. बाईंनाही दाखवली, तर त्याही निळीच म्हणाल्या.

"डॉक्टर चांगला आहे," व्याही म्हणाले. "सोमवारी नेतो तुम्हाला."