गंजी बघायला आलेले आप्पा

माझं लग्न पिंजरावर अडलं होतं.

भात झोडून उरलेलं गवत म्हणजे पिंजर. आमच्या बेळगावजवळच्या मच्छे भागात त्या काळी मुलीचा बाप आधी परड्यात रचलेली पिंजराची गंजी बघायचा. गंजी मोठी म्हणजे शेती मोठी, मुलगी सुखात! (मुलगा कसाही चालत असे. माझी सगळी आशा त्यावरच होती.)

आणि नेमकं त्याच वर्षी मी पिंजराचं शिस्तीत नियोजन केलं! गोठा शाकारला, बियाण्याच्या मुड्या बांधल्या, घरभर गाद्या भरल्या, मडक्यांखाली चुंबळी केल्या. कामं उत्तम झाली, पिंजर संपलं. उरलेल्या ढिगावर एखादी कोंबडी कशीबशी मावली असती.

तेवढ्यात निरोप आला, कडोलीचे आप्पा उद्या येणार. त्यांच्या मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, जत्रेत हिरव्या बांगड्या भरताना. तेव्हापासून मला चालता बैलसुद्धा किणकिणल्यासारखा वाटे.

"आई, आपली बाभळीची बैलगाडी परड्यात आणू," मी म्हणालो. "वर बाजली रचू आणि भोवती उरलेलं पिंजर पातळ लावू."

"आणि ढासळलं तर, रं?"

"मी वर बसतो की दाबून!"

गंजी अशी झाली की मलाच तिच्याशी सोयरीक करावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी मी शेंड्यावर आडवा झालो. कोवळं ऊन, पिंजराचा गोडसर वास, वर कापसासारखे ढग. कुठल्यातरी माजघरात हिरव्या बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी मला दूध आणून देत होतं...

"लई झ्याक गंजी!" खालून आप्पांचा आवाज आला. "पोरगी दिली म्हणा आमी!"

आई गहिवरली. मी वरच तरंगू लागलो.

"फकस्त गुडघं धरल्यात बगा," आप्पा म्हणाले. "गाडी जुपा, बेळगावापतोर सोडा."

"गाडी..." आई म्हणाली, "गाडी गेलीया."

"कुठं?"

"लांब न्हाय गेली."

ज्या बैलांच्या वैरणीच्या मी गाद्या केल्या होत्या, त्यांनी हीच वेळ साधली! दोघांनी गंजीत तोंड घातलं, दोन घास ओढले, आणि चाक उघडं पडलं. आप्पांनी त्यावर काठी आपटली. टक टक!

"ही कंची वैरण म्हणायची?"

सगळ्या प्रसंगांची तयारी करणाऱ्या माझ्या तोंडून वरून निघालं, "बाभळीची!"

आप्पांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिलं. मग आप्पा इतके हसले की त्यांना आईनं धरून बसवलं.

"पोरगी देतो," ते डोळे पुसत म्हणाले. "पर पिंजराचा कारभार तिच्याकडं. तू नुस्ता वर लोळ!"

आमच्या परड्यात आता खरी गंजी असते. पाहुणे आले की बायको त्यांना आधी गंजी दाखवते. मग, फारच चौकशी झाली तर, मला.