उपरण्याचं टोक

आमच्या ह्यांना पाण्याची भीती वाटते, हे रामकुंडावर सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. शामसुंदर गुरुजी! पस्तीस वर्षं लोकांच्या गेलेल्या माणसांना वैतरणीपार लावताहेत. यमाच्या वाटेवरची ती भयंकर नदी, गाईचं शेपूट धरून जीव कसा पार होतो, हे असं रंगवून सांगतात की यजमान खिशातला फोन विसरतो. आणि स्वतः? घोट्याच्या वर पाणी आलं की राम राम राम!

मी मालिनी, त्यांची बायको. माझं माहेर दारणेकाठचं, पाण्यातच वाढले.

गेल्या पितृपक्षात घोटीच्या सिंधुबाई पिंड सोडताना पायरीवरून घसरल्या. हे जागच्या जागी थिजले. शेजारच्यांनी बाईंना ओढून काढलं. पदर पिळत त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या मालकाला वैतरणीपार लावता, अन् मला दोन हात पाण्यातून काढता येत नाय व्हय?"

सगळे हसले. हे घरी येऊन जेवलेच नाहीत. म्हणाले, "पुढच्या पितृपक्षाआधी पोहायला शिकेन. नाहीतर पुन्हा वैतरणीचं नाव काढणार नाही."

घ्या! ह्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. वैतरणी सांगायची नाही, तर गुरुजींनी करायचं काय?

गंगापूर रोडला तलावावर क्लास लावला. शिकवणारे संघर्ष सर पंचविशीचे. "काका, दांडा सोडा," म्हणून म्हणून बिचारे थकले. हे पाय झकास मारायचे, पण काठाचा दांडा काही सुटेना. आणि पितृपक्ष उद्यावर आला.

शेवटी मीच उतरले. ह्यांचं उपरणं माझ्या कमरेला बांधलं, टोक ह्यांच्या हातात दिलं.

"धरा शेपूट!"

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. गाय मी झालेय, लाज तुम्हाला कसली?"

निघालो. अर्ध्या वाटेत मी गपचूप गाठ सोडली नि बाजूला झाले. जीव नुसता टांगणीला! पण हे डोळे मिटून पाय मारत गेले, ते थेट पलीकडच्या भिंतीला डोकं आपटेपर्यंत. वळून बघतात तर उपरणं पाण्यावर मोकळं तरंगतंय. सर शिट्ट्या वाजवत होते. मला तर हसूही येत होतं आणि रडूही.

येताना रिक्षात म्हणाले, "मी आधी गेलो ना, तर पलीकडच्या काठावर उपरणं घेऊन थांबतो."

"कशाला? मला पोहता येतं."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"पण थांबा," मी म्हटलं.