न भुंकणारा कुत्रा पाहिजे

गुरांच्या दवाखान्यात किस्से शेणासारखे साचतात. सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच! तिरोडा तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात मी बारा वर्षं ड्रेसर होतो. बैलाचा खांदा, गाईचं खूर, बकरीचा पाय... पट्टी बांधायला मी. आमच्या डॉक्टर मॅडम साताऱ्याच्या, आणि परिचर श्रावणभाऊ इथलेच, पक्के झाडीपट्टीतले. आम्हा तिघांचे किस्से सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही. पण मित्र जमले की फर्माईश एकच, "मेश्राम, ते कुत्र्यांचे सांग!" मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

माझी मुलगी मैत्री तेव्हा आठ वर्षांची होती. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं होतं. बोलायची फार कमी, आणि पळायची. दार उघडं दिसलं की सरळ निघायची. हाक मारा, ओरडा, मागे वळून बघणार नाही. एकदा बोडीत, म्हणजे गावतळ्यात, गुडघाभर पाण्यात सापडली. एकदा रेल्वे फाटकापाशी. माझ्या बायकोनं, वैशालीनं, दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली. मैत्रीनं स्टूल आणलं. वैशालीनं स्टूल लपवलं. मैत्रीनं तांदळाचा डबा सरकवला!

दवाखान्यात माझा एक हात गाईवर आणि एक कान मोबाइलवर. फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का बघायचो.

एकदा त्या नागपूरच्या डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या, "परदेशात अशा मुलांसोबत शिकवलेला कुत्रा देतात, सर्व्हिस डॉग. मूल पळालं तर तो थांबवतो." ते एक वाक्य मी एसटीत बसून घरापर्यंत घोकत आलो.

*

मॅडमनी सायबर कॅफेतून एका मोठ्या शहरातल्या संस्थेला मेल टाकला. उलट टपाली फॉर्म आला, चांगला चार पानांचा! घराला लॉन आहे का? जवळ पार्क आहे का? मी टेबलावर बसून प्रामाणिकपणे भरत होतो, श्रावणभाऊ पाठीशी उभे.

"लॉन म्हंजे काय जी?"

"अंगणातलं गवत, भाऊ."

"मंग लिहा ना, होतं! बकरीनं खाल्लं, हे बी लिहा."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मुलांसाठी आम्ही कुत्रे तयार करत नाही, क्षमस्व. सोबत तसे कुत्रे तयार करणाऱ्यांची यादी होती. सगळे पत्ते परदेशातले. मी कागद घडी करून खिशात घातला आणि उगाचच स्वच्छ कात्री पुन्हा धुवायला घेतली. मॅडम बघत होत्या.

"मेश्राम, कुत्रा आपणच शोधू. आपल्याकडे रोज चार येतात!"

*

पहिला आला गोंदियाहून. एका राइस मिलवाल्या सेठजींनी आपला लॅब्रेडोर आठ दिवस ठेवून बघायला दिला. "ले जाओ भैया, बहुत सीधा है. किसी को कुछ नहीं बोलता."

खरंच बोलत नव्हता. भात खायचा आणि पंख्याखाली झोपायचा. लाइट गेली की आमच्याकडे असं बघायचा, जणू आम्हीच घालवली!

तिसऱ्या दिवशी मैत्री निघाली ती त्याच्या अंगावरून पाय टाकून. त्यानं एक डोळा उघडला, तिला जाताना पाहिलं आणि मिटला. मी बाजारापर्यंत सायकल दामटली, तिला घेऊन आलो. घामानं शर्ट चिंब. दारात येतो तर काय, श्रावणभाऊ पुठ्ठ्यानं त्या कुत्र्याला वारा घालत होते.

"मेश्रामबाबू, याले सर्व्हिस डॉग काऊन म्हणता जी? सर्व्हिस तं आपनच करून राहिलो!"

*

दुसरा पॉवर प्लांटच्या एका ठेकेदाराचा जर्मन शेफर्ड. अंगणात शिरला आणि एकदाच भुंकला. मैत्रीनं कान दाबले, किंचाळली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. वैशालीनं भिंत आणि डोकं यांच्या मध्ये आपला हात घातला. त्या हातावर चार दिवस काळंनिळं होतं.

ठेकेदार ओशाळला, पण म्हणाला, "भाऊ, भुंकत नाही तो कुत्रा कायचा?"

मॅडमनी दुसऱ्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "न भुंकणारा कुत्रा पाहिजे. कुणाकडे असला तर कळवा."

झालं! पंचक्रोशीत बातमी. तीन दिवसांत एक शेतकरी काळा कुत्रा घेऊन हजर. "मॅडम, पंधरा दिवस झाले, याच्या तोंडातून आवाज नाई. असा गरीब कुत्रा जिल्ह्यात भेटणार नाई."

कुत्रा खरंच गप्प. मैत्रीला दवाखान्यात आणलं. ती त्याच्यापासून दोन हातांवर येऊन बसली. मी आणि वैशालीनं एकमेकांकडे पाहिलं. त्या दोन मिनिटांत मी त्याला घर, भांडं, पट्टा, सगळं देऊन टाकलं होतं!

श्रावणभाऊ म्हणाले, "एकडाव तोंड तं पाहू द्या." जबडा उघडला, मॅडमनी टॉर्च मारला, मी चिमटा घातला. घशात आडवं हाड! काढलं.

कुत्रा घरी जाईपर्यंत सगळा रस्ता भुंकत गेला. पंधरा दिवसांचं उट्टं!

*

चौथा कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावरचा. ढाबेवाला म्हणाला, "हा कोनाच्याबी मांगं जाते जी."

आम्हाला तेच हवं होतं. दोन दिवस अंगणातल्या खांबाला बांधला. मैत्री त्याच्या शेपटीकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी दोघांना गल्लीत सोडलं, मी मागे. कुत्रा तिच्या मागे चालला होता हो, अगदी पावलावर पाऊल! तेवढ्यात ताडपत्री लावलेला ट्रक आला. कुत्र्यानं कान टवकारले आणि गेला ट्रकच्या मागं!

दुसऱ्या दिवशी ढाब्यावरून फोन. "भाऊ, तुमचा कुत्रा पोचला. ड्रायव्हरसंगं नाश्ता करून राहिला."

मित्र इथं खूप हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. मैत्री दोन दिवस त्या खांबापाशी बसून होती. जेवायलासुद्धा उठली नाही. वैशालीनं ताट तिथंच नेलं आणि मला म्हणाली, "आता बस करा. माणूस निघून गेलं तरी तिला कळत नाही म्हणता ना? कुत्रा गेलेला कळला तिला. आणखी किती आणून नेणार?"

मी दवाखान्यात निघून गेलो. त्या दिवशी रविवार होता, दवाखान्याला कुलूप होतं. तसाच पायरीवर बसून राहिलो.

*

श्रावणभाऊ आधी सालेकसा भागात नोकरीला होते. एक दिवस म्हणाले, "दरेकशाले सुगनआजी आहे. तिची कुतरी बकऱ्या चारते."

"म्हणजे आजी चारते."

"आजी झाडाखाली बसते. कुतरी चारते!"

वैशालीला न सांगता मी एकटाच गेलो. आजीनं सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळत म्हणाली, "कुतरी देत नाई. पोट्टी आन."

घरी येऊन हे सांगायला मला चार दिवस लागले. वैशालीनं आधी सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली, "शेवटचं."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आणि श्रावणभाऊ. गोंदियाहून पॅसेंजर सुटली तशी मैत्री कान दाबून सीटखाली जाऊन पडली. डब्यातला प्रत्येक जण विचारायचा, "बच्ची को क्या हुआ?" वैशाली प्रत्येकाला सांगायची, "थक गई है." खरं तर थकलेली तीच होती.

आजीच्या अंगणात पोचलो. मैत्रीनं ना बकऱ्या पाहिल्या, ना कुत्री. सरळ जंगलाच्या दिशेनं निघाली! मी धावायला उठलो, तर आजीनं माझा शर्ट धरला.

"बस! कायले धावतं?"

कुत्री उठली. भुरकट रंग, एक कान फाटका, अंगावर मांस नाही. भुंकली नाही. वळसा घालून पुढे गेली आणि मैत्रीसमोर आडवी उभी राहिली. मैत्री उजवीकडे वळली, कुत्री उजवीकडे. डावीकडे वळली, डावीकडे. मग गुडघ्याला खांदा लावून हळूच रेटलं. मी आजीच्या मुठीत शर्ट देऊन उभा. पाच-सहा वळणं झाली असतील. मैत्री परत आली आणि बकऱ्यांच्या मधोमध जाऊन बसली. कुत्रीनं एकदा सगळ्या कळपावरून नजर फिरवली आणि बाहेर टेकली.

आजी म्हणाली, "कालवरी बकऱ्या अकरा होत्या. आता तिच्या लेखी बारा झाल्या."

वैशाली रडायला लागली. मी विचारलं, "आजी, मग तुमच्या बकऱ्यांचं काय?"

"हिची पोर आहे ना मोठी झालेली. तिले येते समदं. ने हिले. भुरी म्हन, येते."

*

दोन महिने भुरी आणि मैत्री रोज दवाखान्यात यायच्या. मॅडमनी भुरीला पट्ट्यात चालायला शिकवलं, रस्ता शिकवला, हॉर्नची सवय केली. दाराची वरची कडी आम्ही तरीही काढली नव्हती.

मग आठवडी बाजाराचा दिवस आला. वैशाली वांगी निवडत होती, भुरीचा पट्टा मनगटाला. वळून बघते तर मनगटाला नुसता पट्टा! भुरी नाही, मैत्री नाही.

मला फोन आला. हातातली पट्टी अर्धी सोडून पळालो. मॅडम बोडीकडे, श्रावणभाऊ फाटकाकडे, मी बाजारात. भाजीची रांग, कपड्यांची रांग, मासळी. अर्धा तास गेला, तास गेला. ज्याला-त्याला विचारत होतो.

तेवढ्यात आटाचक्कीच्या मागून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. "अरे, कोनाची कुतरी हाय हे?"

गेलो. चक्कीच्या भिंतीला लागून मैत्री मांडी घालून बसलेली, फुटाणे खात होती. तिच्या बाजूला अनोळखी चार पोरं. एकाच्या हातात फुगा. भुरी त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होती. पोरगं उठलं की गुडघ्याला खांदा, बसव! एक बाई आपल्या पोराला ओढायला आत शिरली होती. भुरीनं तिलाही आत घेतलं होतं! बाई लालबुंद होऊन पोरांत उभी.

मी धापा टाकत पुढे झालो. "मैत्री, चल घरी."

भुरीनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्याला खांदा लावला आणि रेटलं. मैत्रीनं मान वर केली नाही. थोडीशी बाजूला सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

मी बसलो.

पिशवी सांभाळत, केस सुटलेले, वैशाली धावत आली. मला तिथं पाहून जागच्या जागी थांबली. "अहो! असे बसलात काय?"

मी काही सांगणार, तोवर भुरी तिच्या मागे जाऊन उभी राहिली होती.