हे तूच करू जाणे

आमच्या न्यूयॉर्कात मैफल संपल्यावर पडद्यामागे जाऊन खरं बोलायची पद्धत नाही. रचना कितीही कंटाळवाणी असो, रचनाकाराचे दोन्ही हात धरायचे आणि भारावून म्हणायचं, "हे तूच करू जाणे!" तो खूश, आपण जेवायला मोकळे.

या सोयीचं वाटोळं केलं लायनस पेलने. कवितांना चाली लावायचा, पियानोवर स्वतः बसायचा आणि मी गायचे. स्वतःवर निस्सीम प्रेम आणि खिशात कायम पेन. रोजनिशी लिहायचा. लिहायचा तर लिहायचा, वर छापायचा. कुणाकडची कोंबडी कच्ची होती, कुणाचा नवरा कुणाकडे राहतो, सगळं नावानिशी. माझ्या वरच्या सुरांना त्याने उकळती किटली म्हटलं. मी आठवडाभर अबोला धरला, मग गेले. गाणी चांगली होती, करता काय!

पहिल्याच पुस्तकात त्याने छापलं, 'तूच करू जाणे म्हणजे भिकार. मीही त्याच अर्थाने म्हणतो.' झालं! तेव्हापासून पडद्यामागे लोक त्याला सांगू लागले, की खुर्च्या छान आहेत.

पुस्तकं धडाधड खपायची, गाणी मात्र पडून. हे त्याला फार लागायचं.

"मी संगीतकार आहे गं ग्रेटा, चहाडखोर नाही."

"दोन्ही आहेस. चहाडी जास्त खपते, एवढंच."

त्याच्या सत्तरीला मैफल ठरली. सगळी नवी गाणी. "एकाने जरी नीट ऐकलं ना, तरी मी भरून पावलो," म्हणाला. प्रकाशक बेरकी, त्याने दारातच नव्या रोजनिशीचं टेबल मांडलं. कवितेचे शब्द वाचता यावेत म्हणून अशा मैफलीत दिवे चालूच असतात. मी पहिली ओळ उचलली आणि सभागृहभर पानं सळसळली. सगळे रोजनिशीच्या शेवटच्या पानांवरच्या सूचीत आपापलं नाव शोधत होते.

लायनसने पियानो थांबवला. "मॉरिस, तू नाहीयेस त्यात. मिट ते, आणि ऐक."

मॉरिस बासरीवाला लालबुंद झाला. "नाही? इतकी वर्षं तुला जेवायला घालतोय, आणि मी नाही?" कोट उचलून तो तरातरा निघूनच गेला.

आम्ही रेटून नेलं. शेवटचं गाणं गाताना माझ्याच अंगावर काटा आला. समोर ऑगस्टाबाई चक्क रडत होत्या. टाळ्या संपायच्या आत लायनस त्यांच्यापाशी धावला.

"ऑगस्टा, कुठलं गाणं लागलं मनाला?"

"गाणं कसलं, मेल्या! माझा नवरा मिशा रंगवायचा, हे जगाला सांगायची काय गरज होती? वर्ष नाही झालं त्याला जाऊन!"

पडद्यामागे येऊन तो मटकन बसला. इतका म्हातारा मला तो कधीच दिसला नव्हता.

"ग्रेटा, तू तरी सांग. गाणी कशी होती? खरं सांग."

सांगणारच होते. ते शेवटचं गाणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं, हेच सांगणार होते. तेवढ्यात सवयीने त्याचा हात खिशात गेला आणि पेन बाहेर आलं. ते बघून माझी जीभच अडखळली आणि तोंडाला जे वळण होतं तेच बाहेर पडलं.

"लायनस, हे तूच करू जाणे."

जन्मात पहिल्यांदा त्यातला शब्द न् शब्द मी मनापासून म्हटला होता.

त्याने पेनाला टोपण लावलं.

"कळलं," म्हणाला.