नाव यायच्या आत उठलो

नागपूरहून निघताना आमच्या सामानात तांदूळ होता, तुरीची डाळ होती, पापड होते आणि सोबतीला महाराजही (स्वयंपाकी) होता. सहल गांधीबागेतल्या कापडवाल्यांची; ओळखीनं घुसलेले निवृत्त नोकरदार आम्ही दोघंच. बाकीच्यांना चीनची भिंत पाहायची होती. माझ्या यजमानांना एकच हवं होतं, बाईचं काम करणारा चिनी पुरुष स्टेजवर पाहायचा.

याचं मूळ नरखेडकडच्या गावात आहे. तरुणपणी हे तिथल्या दंडारीत (आमच्याकडचं लोकनाट्य) बाई व्हायचे. नोकरी लागली, आमचं लग्न ठरलं, आणि माझ्या सासऱ्यांनी यांचं नाचायचं लुगडं चुलीत घातलं. ‘नाच्या’ म्हणून टोमणे मात्र यांनी जन्मभर खाल्ले.

बीजिंगच्या थिएटरात खेळाआधी नटांची रंगरंगोटी पाहू देतात. साठीच्या घरातला एक नट आरशापुढे बसला होता. आधी गालांवर गुलाबी रंग, मग कपाळाला केसांच्या ओल्या पट्ट्या चिकटवणं.

“पाह्य वं, इथं कोणी हसून नाही राहिलं,” हे हळूच म्हणाले.

हसत होते ते आमचेच. ग्रुपचे पुढारी राजूभाऊ मागून म्हणाले, “काका, तुम्ही बी लावून घ्या पावडर!” मेल्याला तिथंच ऐकवणार होते, पण यांनी माझा हात दाबला.

खेळ सुरू झाला. नदीकाठी एक बाई नवऱ्याच्या नावेची वाट पाहते, एवढीच गोष्ट. शुई-श्यू (पाण्याच्या बाह्या) म्हणतात त्या लांब पांढऱ्या बाह्या नटानं एकदाच झटकल्या आणि नदी दिसायला लागली. खोटं नाही सांगत! स्टेजवर ना पाणी, ना रंगवलेला पडदा. यांची बोटं मांडीवर आपोआप हलत होती.

त्या बाईनं कपाळाला हात लावून दूरवर पाहिलं, आणि नेमके राजूभाऊ उठले. हॉटेलातून महाराजाचा फोन आला होता.

“चला चला, वरण-भात थंडा होऊन राहिला.”

“थोडं थांबा न भाऊ, नाव येऊन राहिली असंल,” हे म्हणाले. यांना कोणाची विनवणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“येईन नाहीतर नाही येईन, आपल्याले काय करायचं हाय?”

अख्खी रांग उठली. परक्या गावात ना भाषा ठाऊक, ना रस्ता, आम्हीही उठलो. आग लागो त्या वरण-भाताला!

नागपूरला परत आल्यावर राजूभाऊंच्या इतवारीतल्या घरी ग्रुपचं जेवण होतं. फोटो पाहून झाले, तसं कोणीतरी म्हणालं, “काका, ते चिनी बाईचं करून दाखवा न, मजा येईन.”

मला वाटलं, हे नाही म्हणतील. यांनी माझ्यापुढे हात केला. “दुपट्टा दे वं.”

उन्हासाठी बांधते तो माझा सुती दुपट्टा यांनी मनगटाला गुंडाळून झटकला. हसणारे पुढे सरकून बसले. हे सावकाश चार पावलं चालले, कपाळाला हात लावून दूर पाहिलं आणि तिथंच थांबले.

“पुढं?” राजूभाऊंनी विचारलं.

“पुढचं मले कुठून माहीत गा? तिथूनच तर उठवलं तुम्ही मले.”

तेवढ्यात आतून हाक आली, “चला न, ताटं वाढली, थंडं होऊन राहिलं सारं!”

सगळे उठले. हे तसेच उभे होते, कपाळाला हात लावून. या खेपेला मी उठले नाही.