खणातलं लेबल

इम्प्लांटच्या प्रत्येक डबीत दोन-तीन छोटी लेबलं येतात. त्यांवर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच नंबर छापलेला असतो. इम्प्लांट हाडात बसवला की लेबल सोलून नोंदवहीत चिकटवायचं, म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा कुठल्याही दंतवैद्याला कळतं की आत नेमकं काय आहे. माझ्या दवाखान्यात हे शिस्तीने सुरू केलं ते माझ्या सहकारी डॉक्टरने. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, वसईजवळच्या गास गावची, भाजीच्या वाडीत वाढलेली. ती येईपर्यंत मी नोंदी आठवड्याच्या शेवटी, आठवेल तशा लिहीत असे.

दुसरं लेबल ती एका कार्डावर लावून पेशंटच्या हातात द्यायची. "आधार कार्डाबरोबर ठेवा, हरवायचं नाही," असं बजावायची. वर्षभरात लोक दारातच विचारू लागले, "कार्डवाल्या डॉक्टर आहेत का?" वसईत वीस वर्षं दवाखाना माझा, पाटीवर नाव माझं. मी हसून "आहेत, बसा" म्हणायचो आणि आत जाऊन उगाच हात धुवायचो.

शेजारच्या गिरीज गावच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या जुन्या पेशंट. त्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला बायबलचं वाचन करायच्या, आणि त्यांचा नेमका पुढचा दात गेला होता. त्या आणि माझी सहकारी आपल्या गावाकडच्या बोलीत बोलायच्या. मी साताऱ्याचा, मला त्यातलं निम्मं कळायचं. दोघी हसल्या की मला वाटायचं, माझ्यावरच हसतायत.

बाईंचा इम्प्लांट बसवायचा त्या सकाळी एक्स-रे पाहून ती म्हणाली, "सर, हाड अरुंद आहे. बारीक घ्यावा लागेल."

हे ती बाईंच्या देखत म्हणाली. मी म्हणालो, "डॉक्टर, मी हे काम तुझ्या कॉलेजच्या आधीपासून करतोय."

तिने जाड इम्प्लांटची डबी काढून दिली, लेबलं सोलून ठेवली आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या पेशंटकडे गेली. मी हिरडी उघडून हाड पाहिलं, तिचंच बरोबर होतं. मदतनिसाला खुणेने बारीक डबी काढायला लावली आणि तो बसवला. काम नीट झालं. तेवढ्यात ती परत आली, हातात लेबल.

"सर, तोच बसवला ना?"

"हो, तोच."

तेवढे दोनच शब्द. बाईंसमोर तिचं बरोबर ठरू नये म्हणून. तिने लेबल वहीत चिकटवलं, दुसरं कार्डावर. डबीतली न उघडलेली जाड इम्प्लांटची कुपी आणि बारीकची लेबलं मी माझ्या टेबलाच्या खणात टाकली. वाटलं होतं, संध्याकाळी दुरुस्त करू. पुढे कॅप बसवली तीही मीच, वही न उघडता बारीकच्या मापाने मागवून.

मधे चार वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यानंतर बाईंच्या दाताची कॅप सैल झाली. नवी कॅप आणि खालचा जोड तिने वहीतल्या मापाने मागवला. तो बसेना. तिने एक्स-रे काढला आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"बाई, आत तर बारीक आहे. चूक माझी. लेबल मीच चिकटवलंय."

बाई पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "काय गं बाय, तुझ्या वहीत चूक? मग आम्ही कुणावर भरवसा ठेवायचा?" त्या थट्टेनेच म्हणाल्या. ती हसली नाही. मी शेजारीच उभा होतो. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. अगदी थंड पाणी प्यायल्यासारखं.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत वही उघडून बसू लागली. "बाईंचं लेबल दुसऱ्या कुणाच्या पानावर गेलं असणार, सर. म्हणजे अजून एक तरी पेशंट चुकीचा आहे." ती एकेकाला फोन करून एक्स-रेला बोलवू लागली. डबा तसाच राहायचा. दहा-बारा दिवसांनी एका नव्या पेशंटला तिने कार्ड दिलं नाही. मी विचारलं, का?

"लोक त्यावर विश्वास ठेवतात, सर."

मी खण उघडला. कुपी आणि लेबलं तिच्यासमोर ठेवली. काय झालं ते सांगितलं. तिने बॅच नंबर दोनदा वाचला.

"बारीक लागेल, हे मी म्हटलं होतं. आठवतं तुम्हाला?"

"आठवतं. म्हणूनच."

तिने बाईंचं पान काढून वही माझ्याकडे सरकवली. "गिरवायचं नाही. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे."

मी जुन्या लेबलावर रेघ मारली, शेजारी खणातलं लेबल लावलं, त्याचा डिंक सुकला होता म्हणून वरून टेप लावली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हाड अरुंद'.

"हे इम्प्लांट बदलल्याचं कारण झालं," ती म्हणाली. "नोंद न बदलल्याचं?"

मी पुढे लिहिलं, 'विचारल्यावर मी खोटं सांगितलं', आणि सही केली. बाईंना फोनही मीच केला. ऐकून त्या म्हणाल्या, "बायला द्या फोन." दोघी त्यांच्या बोलीत बोलत राहिल्या. मला निम्मंच कळलं. तिने बोलता बोलता एक कोरं कार्ड पुढे ओढलं आणि उरलेलं लेबल मागायला माझ्यापुढे हात केला.